बांगडीचं माप

लिफ्टमध्ये माझ्या बायकोचा फोटो लावला आहे. आरशाच्या बरोबर शेजारी, म्हणजे चढता-उतरताना माणूस आधी तिला बघतो आणि मग स्वतःला. फोटोच्या वर लिहिलं आहे, ‘कै. सौ. शैलाताईंच्या स्मरणार्थ आपल्या सोसायटीचं फिटनेस चॅलेंज, दसरा ते संक्रांत.’ खाली जाड अक्षरात, ‘त्यांनी अकरा किलो कमी केलं. तुम्ही?’

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. राहतो म्हणजे आता मी राहतो. हा कागद लागल्यापासून मी जिन्यानेच येतो-जातो. हे चॅलेंज चालवणाऱ्या निकम मॅडम पूर्वी शाळेत पीटी शिकवायच्या. त्यांना वाटतं, मी व्यायाम म्हणून जिना चढतो. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “वा सर, तुम्हीपण सुरू केलंत. शैलाताईंना किती बरं वाटलं असतं.” मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वर गेलो. घरी येऊन दार लावल्यावर मला राग आला. त्यांचा आलाच, पण जास्त माझा आला. मी नेहमी असंच करतो. बोलायची वेळ आली की पिशवीचा हात बदलतो.

फोटो दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीचा आहे, खालच्या हॉलमधला. शैलाने काळी साडी नेसली आहे. हातात बक्षिसाचं खोकं आहे आणि त्या खोक्यात वजनकाटा. ती हसते आहे. गळ्याखाली दोन्ही बाजूंना खळगे पडले आहेत, इतके खोल की त्यात सावली साठली आहे. शिंप्याकडून दोनदा आत घेतलेलं ब्लाउज तरीही खांद्यावरून सरकलं आहे. गालांची हाडं वर आली आहेत, कानशिलं आत गेली आहेत. दिवसभर या लिफ्टमधून जाणाऱ्या प्रत्येकाला त्या फोटोत एक सडपातळ, आनंदी बाई दिसते. मला एक आजारी बाई दिसते. पण हे मी आज म्हणतो आहे. तो फोटो मीच काढला होता, आणि काढताना तिला म्हणालो होतो, “मान जरा वर कर. गळ्याचं हाड छान दिसतंय.”

आता पुन्हा थंडी आली आहे. दसरा झाला की नाशिकच्या हवेला पहिली धार येते, दिवाळीच्या आंघोळीला ती अंगाला झोंबते आणि मार्गशीर्षात थंडी घरात मुक्कामालाच येते. फरशी पायाला चावते. खोबरेल तेलाची बाटली उन्हात नेऊन ठेवावी लागते. आणि या थंडीबरोबर दरवर्षी सगळ्या शहराला तब्येतीची आठवण होते. सकाळी सहा वाजता जॉगिंग ट्रॅकवर माणसं दिसू लागतात. माकडटोप्या, मफलर, साडीखाली पांढरे बूट, पाठीमागे हात बांधून चालणारे निवृत्त लोक, उलटं चालणारा एखादा हौशी. झाडांखाली टाळ्या वाजवत हसणारं मंडळ. फाटकाबाहेर कारल्याच्या, दुधीच्या, गव्हांकुराच्या रसाच्या गाड्या, आणि त्यांच्या पलीकडे दहा पावलांवर पोह्यांची वाफ. रस घेताना तोंड वाकडं करायचं आणि मग पोह्यांकडे बघून एकमेकांना डोळ्यांनी विचारायचं, हे सुद्धा त्या व्यायामातच धरलेलं असतं.

त्या वर्षी आम्हीही जात होतो. मी आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात बसून काम केलं. पुस्तकांच्या कपाटांमधून दिवसाकाठी जेवढं चालणं होईल तेवढंच. शैलानेच मला ओढून नेलं. पहिल्या आठवड्यात आम्ही दोन फेऱ्यांत दमायचो आणि बाकावर बसून तोंडातून निघणारी वाफ बघायचो. “अहो, तुमची लांब जाते,” ती म्हणायची. “तुम्ही बोलत नाही ना, साठलेली असते.” तेव्हा ती चांगली भरलेली, गोल चेहऱ्याची बाई होती. तिच्या अंगाला शालीची ऊब होती. रविवारी चालून झालं की आम्ही मिसळ खायला जायचो. ती तर्री मागून घ्यायची, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत खायची, आणि वर दही घेऊन म्हणायची, “झालं, आता थंड.” त्या सकाळी मला अजून जशाच्या तशा आठवतात, आणि त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. चालणं वाईट नसतं. कारल्याचा रसही वाईट नसतो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण मी चिडलो की लोक समजतात, म्हातारा व्यायामाच्या विरुद्ध आहे.

मग चॅलेंज सुरू झालं आणि चालण्यात हिशेब आला. मिसळ गेली. बाजरीची भाकरी एकाची अर्धी झाली. लोण्याचा गोळा गेला. शैलाचं माहेर चांदवडचं, तिथे तिच्या भावाची, भास्करची, द्राक्षाची बाग आहे. दर हिवाळ्यात तो पहिल्या तोडणीची पेटी घेऊन यायचा. त्या वर्षी शैलाने त्या पेटीतला एक मणी तोंडात टाकला नाही. द्राक्षात साखर असते, असं तिने मोबाईलवर बघितलं होतं. भावाच्या बागेतली द्राक्षं तिने ताटलीत मांडून सगळ्या मजल्यांवर वाटली.

तक्ता मी केला होता. हे मी स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण तो तक्ता आता दुसऱ्या घरी गेला आहे. निकम मॅडमनी फक्त एक यादी दिली होती. मला नुसत्या याद्या आवडत नाहीत, मला त्या नीट आखलेल्या लागतात. मी ग्रंथालयातल्या पुस्तकांमधून आहाराची माहिती काढली, तक्ता आखला, वार आणि वेळा घातल्या, माझ्या चांगल्या अक्षरात लिहिला. सकाळी कोमट पाणी, मग भिजवलेले बदाम, मग फळ, मग अर्धी भाकरी. प्रत्येक चौकोनात शैला रोज पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. शेजारी आलेखाचा कागद चिकटवला होता. दर रविवारी ती काट्यावर उभी राहायची, मी वाकून आकडा वाचायचो आणि एक ठिपका द्यायचो. ठिपके जोडले की रेघ खाली यायची. त्या रेघेचा मला अभिमान होता. पुस्तकात वाचलेली गोष्ट डोळ्यांसमोर खरी होताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

आणि लोक. लोकांनी तिला त्या तीन महिन्यांत जितकं नावाजलं तितकं आमच्या तीस वर्षांच्या संसारात कधी नावाजलं नव्हतं. जिन्यात, ट्रॅकवर, भाजीवाल्याकडे.

“शैलाताई, ओळखलंच नाही. काय बारीक झालात.”

“दहा वर्षांनी लहान दिसताय.”

“सर, लक्ष ठेवा हं आता.”

“काय करता हो? आम्हालाही सांगा.”

ती विशीतल्या मुलीसारखी लाजायची. काय करता, असं सगळ्यांनी विचारलं. काय होतंय, असं कुणी विचारलं नाही. हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्या वेळा मनाशी म्हटलं आहे की त्याची आता धार गेली असेल असं वाटतं, आणि तरी ते म्हटलं की कापतंच. आपल्याकडे माणूस जाड झाला तर त्याची चौकशी होते. बारीक झाला तर त्याचं अभिनंदन होतं.

विचारलं नाही म्हणतो तेही पूर्ण खरं नाही. भास्करने विचारलं होतं. द्राक्षाची पेटी दारात ठेवून तो बहिणीकडे बघतच राहिला. “ताई, लय वाळली तू. भाऊजी, हिला खायला देता का नाय?”

“वाळले नाही रे, फिट झाले,” शैला म्हणाली.

“फिट म्हंजे काय असतं ते मला नाय माहीत. आईची तब्येत गेली तवा ती अशीच दिसायची.”

शैला त्याच्यावर चिडली. सणासुदीचं असलं काय बोलायचं, म्हणाली. मी मध्ये पडलो आणि शेतकरी माणसाला आहारशास्त्र समजावून सांगितलं. तो मान हलवत ऐकत राहिला. माझ्या बोलण्याला तो कधी उलट उत्तर देत नाही, मी शिकलेला आहे म्हणून. माझ्या शिक्षणाचा मला सगळ्यात जास्त राग त्या दुपारच्या आठवणीने येतो.

तो आलेख अजून माझ्याकडे आहे. त्यातली दिवाळीची जागा मी रोज बघतो. त्या आठवड्यात शैलाने करंज्या खाल्ल्या, चिवडा खाल्ला, भाऊबीजेला चांदवडला जाऊन मांडे खाल्ले. शिवाय तिची पाठ दुखत होती म्हणून चालणं बंद होतं. पाठ दुखते ती चुकीच्या बुटांमुळे, असं निकम मॅडमनी सांगितलं होतं, आम्ही नवीन बूट घेतले होते. त्या रविवारी रेघ वर जायला हवी होती. ती खाली गेली. मी तिथे लाल पेनाने एक चांदणी काढली आहे. म्हणजे शाबासकी. “शरीराला आता सवय लागली,” मी तिला म्हणालो. “आता ते आपोआप काम करतंय.” पुढे तिला भूक लागेनाशी झाली, तेव्हा आम्ही दोघंही म्हणालो, किती छान, आता मन मारावं लागत नाही.

ग्रंथालयात घरगुती वैद्यकाचं एक जाड पुस्तक होतं. तक्ता करताना मी त्यातलं आहाराचं प्रकरण वाचलं होतं. ती गेल्यावर मी ते पुन्हा काढलं. आहाराच्या प्रकरणानंतर पाचच पानांवर धोक्याच्या लक्षणांची यादी आहे, आणि तिसऱ्या ओळीत लिहिलं आहे, कारण नसताना वजन घटणे. मी ती ओळ तेव्हा वाचली नव्हती असं नाही. वाचली होती. पण आमच्याकडे कारण होतं. माझ्या अक्षरातलं, चौकोन आखलेलं, खुणा केलेलं कारण भिंतीवर लटकत होतं. मरण घरात आलं आणि आम्ही त्याला रोज बरोबरची खूण करत होतो.

मग संक्रांत आली. हॉलमध्ये हळदीकुंकू आणि बक्षीस समारंभ एकत्रच ठेवला होता. तिळगूळ बिनसाखरेचा होता, त्याला कशाचीच चव नव्हती. पंचवटीतून हिराबाई कासारीण आली होती. सोसायटीत नवरात्रात आणि संक्रांतीला तीच बांगड्या भरते. फोटो काढायला बोलावलं म्हणून मी दाराशी उभा होतो. शैला तिच्यासमोर बसली, हात पुढे केला. हिराबाईने तो हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिला, मग मनगट फिरवलं आणि पुन्हा दाबलं.

“बाई, हात लय उतरला तुमचा. नवरात्रात दोन-आठच्या भरल्या व्हत्या मी. आता दोन-चार बी सैल जाती. काय दुखणं हाय का?”

बायका हसल्या. निकम मॅडम म्हणाल्या, “अहो, त्याचंच तर बक्षीस मिळालंय त्यांना.”

“बक्षीस?” हिराबाईने हात सोडला नव्हता. “पोट उतरतं, दंड उतरतो. हाताची मूठ अशी नाय उतरत, मॅडम.”

“भरा हो मावशी,” शैला म्हणाली. “मागे रांग लागलीय.”

हिराबाईने भरल्या. दोन-चारच्या, हिरव्या, दोन्ही हातांत सहा सहा. दाबावं लागलं नाही, तेलाचं बोट लागलं नाही. पाण्यात हात घालावा तशा गेल्या. मी ते दारातून पाहिलं, आणि मान वर कर म्हणालो, आणि फोटो काढला.

होळीला पुरणाची पोळी तिच्या पोटात राहिली नाही. धुळवडीच्या सकाळी ती खिडकीशी उभी राहून खालची मुलं बघत होती. मी हाक मारली, तिने वळून पाहिलं, आणि तिचे डोळे पिवळे होते. दोन दिवसांत तपासण्या झाल्या. गाठ स्वादुपिंडात होती आणि पसरली होती. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी विचारलं, “वजन कधीपासून कमी होतंय?”

“दसऱ्यापासून,” शैला म्हणाली. “पण ते मी केलंय.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली नाही. मी त्यांना बाहेर गाठून विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, “सांगता येत नाही.” ते खरंच बोलले असतील. या आजारात आधी म्हणजे किती आधी, हे कुणालाच धड माहीत नसतं, हे मी नंतर वाचलं. पण मला ते तीन शब्द पुरत नाहीत. दसरा, दिवाळी, भाऊबीज, संक्रांत. एवढ्या वेळा सांगून झालं होतं. चांदवडच्या माणसाने सांगितलं होतं, बांगड्या भरणाऱ्या बाईने हात धरून सांगितलं होतं. सांगता येत नाही असं कसं?

आषाढात ती गेली. भेटायला येणाऱ्यांनी चहाचा कप हातात धरून म्हटलं, “इतक्या फिट होत्या, असं कसं झालं?” एकीने आवाज खाली करून विचारलं, “बाहेरचं काही खायच्या का हो?” जणू नियम पाळणाऱ्याला मरण येत नाही आणि आलं तर त्याने कुठेतरी चोरून वडापाव खाल्ला असणार. मी कपबश्या गोळा केल्या.

गेल्या हिवाळ्यात शोक म्हणून चॅलेंज झालं नाही. या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरची ज्योती माझ्याकडे आली. ती एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, चाळिशीची, दोन मुली शाळेत जातात. म्हणाली, “सर, काकूंचा तो चार्ट आहे का? मला पण या वेळी मनावर घ्यायचंय.” मी कपाट उघडलं आणि दिला.

का दिला, हे मला सोपं करून सांगता येत नाही. नाही म्हणणं जमलं नाही हे तर आहेच. पण शैलाच्या पेन्सिलीच्या खुणांवरून ज्योतीने बोट फिरवलं आणि म्हणाली, “काकू किती नेटाने करायच्या ना,” तेव्हा मला बरं वाटलं. वर्षभरात कुणी शैलाबद्दल असं बोललं नव्हतं. त्या एका वाक्यापोटी मी तो तक्ता दिला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये फोटो लागला. मी तो काढून घरी आणला. तिसऱ्या दिवशी नवा लागला, या वेळी लॅमिनेशन केलेला. मी निकम मॅडमच्या दारात गेलो.

“मॅडम, त्या फोटोत ती आजारी आहे.”

“ते नंतरचं ना सर,” त्या अगदी मायेने म्हणाल्या. “तेव्हा त्या एकदम फिट होत्या. लोकांना प्रेरणा मिळते. असू दे.”

त्या वाईट बाई नाहीत. शैलाच्या शेवटच्या महिन्यात त्यांनी रोज मऊ खिचडी पाठवली. म्हणूनच मला त्यांच्याशी भांडता येत नाही आणि म्हणूनच राग जात नाही. दुष्ट माणसावर रागावणं सोपं असतं.

जिन्याने जाऊ लागल्यामुळे मला ज्योती दिसायची. दिवाळीनंतर ती बारीक दिसू लागली. मार्गशीर्षात एका संध्याकाळी ती पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर कठड्याला टेकून उभी होती. हातात पाण्याची मोठी बाटली. मनगटातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत चढवलेल्या.

“सर, सात किलो,” ती म्हणाली. “काकूंचा चार्ट म्हणजे जादू आहे.”

“सगळा पाळतेस?”

“कुठलं हो. सकाळी डबे, मुलींची शाळा, माझी शाळा. निम्मा पाळला तरी खूप. तरी उतरतंय.”

तरी उतरतंय. आलेखातली ती लाल चांदणी मला आठवली.

“आणि पाणी बघा,” ती बाटली दाखवत म्हणाली. “दिवसाला चार-पाच लिटर सहज जातं. मुद्दाम प्यावंच लागत नाही, तहानच लागते सारखी. फक्त दम लागतो थोडा.”

“ज्योती, रक्त तपासून घे. उद्याच.”

“कशाला? आता कुठे बरं वाटतंय.” मग तिच्या चेहऱ्यावर कीव आली. “सर, तुम्हाला काकूंमुळे तसं वाटतं.”

मी तिच्या नवऱ्याला जाऊन सांगितलं. तो सभ्य माणूस आहे. त्याने मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, “सर, तुमचं दुःख आम्ही समजतो. पण तिच्या डोक्यात असलं काही भरवू नका. किती वर्षांनी ती एवढी खूश आहे.” मी पाणी प्यायलो आणि वर आलो.

हा लेख मी त्या दिवसांत लिहायला घेतला. मी सावकाश लिहितो. एक परिच्छेद लिहायचा, खोडायचा, चहा करायचा. लिहिताना मला वाटत होतं की मी शैलाबद्दल लिहितो आहे. मग एका दुपारी खालून ज्योतीच्या मुलींचा आवाज आला, कसल्या तरी वहीवरून त्यांचं भांडण चाललं होतं, आणि मला कळलं की मी पुन्हा तेच करतो आहे. खाली एक बाई वाळते आहे आणि मी चांगल्या अक्षरात नोंद ठेवतो आहे.

संक्रांतीच्या संध्याकाळी मी हॉलमध्ये गेलो. हळदीकुंकवाला पुरुष जात नाहीत. मी दारातून आत आलो तेव्हा बोलणं थांबलं. कुणीतरी म्हणालं, “या सर, फोटो काढायला आलात का?”

ज्योतीला पहिलं बक्षीस मिळालं होतं. ती हिराबाईसमोर बसली होती, जुन्या बांगड्या काढून बाजूला ठेवलेल्या, दोन्ही हात मोकळे.

“हिराबाई,” मी म्हणालो, आणि माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “त्या हाताकडे नीट बघा.”

हिराबाईने माझ्याकडे पाहिलं. तिने मला ओळखलं. मग ज्योतीचा हात धरला, अंगठ्याच्या मुळाशी दाबला, मूठ मिटवून पाहिली.

“नवरात्रात काय भरल्या व्हत्या मी तुला?”

“दोन-सहा,” ज्योती म्हणाली. “आता दोन-चार चालतील ना? नाहीतर दोन-दोन.”

हिराबाईने मांडीवरचा बांगड्यांचा जुडगा उचलला आणि त्याचा दोरा पुन्हा बांधला. “मी नाय भरणार.”

“अहो, असं काय करता?” निकम मॅडम पुढे आल्या. “संक्रांतीच्या दिवशी सवाष्णीला मोकळ्या हातांनी उठवता?”

“उठवते. ह्याच जागी एका बाईला भरल्या मी. तोंडाला नाय कळत, हाताला कळतं. माझ्या हाताला कळलं व्हतं. तुम्ही हसल्या आन् मी गप भरल्या.” तिने ज्योतीचा हात दोन्ही हातांत धरला होता. “जा, दवाखान्यात जाऊन ये. मंग म्हणशील त्या रंगाच्या भरीन. ह्या मापाच्या नाय.”

कुणी हसलं नाही. ज्योती उठली. तिचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि दाराशी माझ्याजवळून जाताना तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. इतक्या बायकांदेखत मी तिचा सण नासवला होता. तिच्या जुन्या बांगड्यांची चवड हिराबाईच्या चटईवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी किंक्रांत. सकाळी साडेआठला बेल वाजली. दारात ज्योती होती, ऑफिसची पर्स खांद्याला, दोन्ही मनगटं उघडी. तिने तक्ता माझ्या हातात जवळजवळ फेकला.

“चला. मी सुट्टी टाकलीय. तुम्हीच सुरू केलंत, तुम्हीच चला. उपाशीपोटी आलेय मी.”

मी चपला शोधू लागलो.

“आणि काही निघालं नाही ना सर, तर आयुष्यात तुमच्याशी बोलणार नाही.”

“नको बोलूस,” मी म्हणालो. मला तिचा राग बघून किती बरं वाटत होतं हे तिला सांगण्यासारखं नव्हतं. शैला एकदाही रागावली नव्हती.

मी जिन्याकडे वळलो. “मला नाही जमणार उतरायला,” ती म्हणाली. “वर येतानाच जीव गेला.” तिने लिफ्टचं बटण दाबलं.

दार उघडलं. तीन महिन्यांनी मी त्या लिफ्टमध्ये शिरलो आणि पाठ करून उभा राहिलो. ज्योती फोटोसमोर होती. तिने तो रोज पाहिला असेल, पाहतच तीन महिने चढली-उतरली असेल. या वेळी ती शैलाच्या गळ्याकडे बघत राहिली, मग मनगटांकडे, मग शेजारच्या आरशाकडे. तळमजला आला. दार उघडलं, मिटू लागलं, मी हात घालून ते धरलं. ती अजून आरशातच बघत होती. मी घाई केली नाही. दार धरून उभा राहिलो.